कंबर पुन्हा कामाला लावताना

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरे

मागील अंकात कंबरदुखीविषयी लिहिताना मी पिलाटेस या व्यायामपद्धतीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर सोलापूर शहरातून बरीच पत्रे आली आणि त्यांतील पुष्कळ पत्रे मणक्याला प्रत्यक्ष दुखापत झालेल्या माणसांची होती. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. सात आठवड्यांपूर्वी सुताने भरलेला बीम (मागाचा जड रूळ) उचलताना कंबरेत चमक भरली आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ गेली. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे निघाले. शस्त्रक्रियेची गरज नाही, हळूहळू व्यायाम सुरू करा, असे डॉक्टर म्हणाले. पायातली कळ आता निम्म्यावर आली आहे. पुण्यात शिकणारी भाची पिलाटेस करायला सांगते. ते नेमके काय असते? ते यंत्रावर करतात असे ऐकले, आणि ते मला परवडणारे नाही. मी पुन्हा मागावर उभा राहू शकेन का?

उत्तर : दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. तुम्ही लिहिलेली आतापर्यंतची वाटचाल पाहता, पुन्हा मागावर उभे राहता येण्याची शक्यता चांगली आहे. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की मणक्यांमधली चकती जागची निसटली असून कोणीतरी ती दाबून परत बसवायला हवी, असेच ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर जाते आणि आतला मऊ गर त्या चिरेतून मागे, नसेच्या मुळाकडे येतो. कळ येते ती त्या दाबामुळे आणि गराच्या स्पर्शाने नसेभोवती होणाऱ्या दाहामुळेही. हा बाहेर आलेला गर शरीर पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत बऱ्याच अंशी शोषून घेते. त्यामुळे पुष्कळ रुग्णांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. तुमचीही उतरते आहे. मणका ‘बसवून देतो’ असे सांगून पाठीला झटका देणाऱ्या कोणाकडे या काळात कृपया जाऊ नका.

आणखी एक गोष्ट प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, पाऊल उचलताना चप्पल घसटू लागली किंवा दोन्ही पायांतली शक्ती कमी होऊ लागली, तर तो व्यायामाचा विषय राहत नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे. तिथे काही तासांचा उशीरही आयुष्यभराचा ठरू शकतो.

आता तुमच्या मनात येईल की शरीर स्वतःच बरे होत असेल, तर व्यायाम कशाला. कंबरेच्या मणक्यांना लगटून पाठीच्या खोल थरात आखूड स्नायूंची एक रांग असते, आणि पुढच्या बाजूला ओटीपोटाच्या सर्वांत आतल्या थरात पट्ट्यासारखा आडवा स्नायू असतो. आपण हात वर करण्यापूर्वी, वजन उचलण्यापूर्वी हे स्नायू क्षणभर आधी आवळले जातात आणि मणके स्थिर धरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले की कंबरदुखी असलेल्यांमध्ये पोटाचा हा आतला स्नायू उशिरा जागा होतो. त्याच वर्षी तिथूनच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचे दुखणे थांबले, तरी पाठीचे ते आखूड स्नायू आपोआप पूर्ववत झाले नाहीत; ज्यांनी नेमका त्यांचाच व्यायाम केला, त्यांचेच सुधारले. दुखणे गेले म्हणून माणूस कामावर जातो, पुन्हा बीम उचलतो आणि पुन्हा त्याच जागी कंबर धरते. माझ्याकडे येणाऱ्या कामगारांत ही गोष्ट मी वारंवार पाहते. पिलाटेसचा उपयोग व्हायला हवा तो दुखणे थांबणे आणि पुन्हा कामाला लागणे यांच्या मधल्या या काळात.

जोसेफ पिलाटेस हे या पद्धतीच्या जनकाचे नाव. १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा मुलगा दम्याने आणि मुडदुसाने अशक्त होता, आणि शरीर कमावण्याचा ध्यास त्यातूनच लागला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला स्थानबद्ध करण्यात आले, आणि त्या छावणीत तो सोबतच्या माणसांकडून व्यायाम करून घेत असे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्याने पलंगाला स्प्रिंगा बांधल्या आणि पुढच्या यंत्रांची कल्पना तिथेच निघाली, असे सांगितले जाते. १९२० च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला. तिथे दुखापती झालेल्या नर्तक-नर्तिका त्याच्याकडे येऊ लागल्या. आपल्या पद्धतीला त्याने स्वतःचे नाव दिले नव्हते; ‘नियंत्रणाची विद्या’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द तो वापरत असे, आणि पिलाटेस हे नाव पुढे रूढ झाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की त्याच्या मूळ व्यायामांपैकी बरेचसे लवचीक, तरण्या शरीरांसाठी होते आणि त्यांतले अनेक नुकत्याच दुखावलेल्या कंबरेला मानवणारे नाहीत. पुनर्वसनासाठी आम्ही वापरतो ती त्यांची सोपी, तुकड्यातुकड्यांनी शिकवायची रूपे असतात.

यंत्राविषयी लगेच सांगून टाकते. रिफॉर्मर नावाच्या त्या यंत्रात स्प्रिंगांना जोडलेला, पुढेमागे सरकणारा पाट असतो. स्प्रिंग पायाचे वजन पेलते, म्हणून फार दुखत असताना हालचाल सोपी होते, आणि पुढे त्याच स्प्रिंगा जोर वाढवण्यासाठी वापरता येतात. ही सोय चांगली आहे, पण तिच्यावाचून काही अडत नाही. जमिनीवर सतरंजी अंथरून तिच्यावर आपली सोलापुरी चादर चौपदरी घातली की पुरे. पैसे खर्च करायचेच असतील, तर सुरुवातीचे चार-सहा दिवस कंबरेचे रुग्ण हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम शिकण्यासाठी करा. आपली कंबर नेमकी कधी उचलली जाते, हे आपले आपल्याला सुरुवातीला कळत नाही. पदरमोड शक्य नसेल, तर सरकारी सर्वोपचार रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात चौकशी करा.

पहिला धडा श्वासाचा, आणि बहुतेक रुग्ण तोच टाळतात. उताणे निजून गुडघे वाकवा आणि पावले जमिनीवर ठेवा. तुम्ही विणता तसला टॉवेल खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून त्याची टोके समोर फुली मारून धरा. नाकाने श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुगून टॉवेल ताणला गेला पाहिजे. खांदे वर जाता कामा नयेत. तोंडाने सावकाश श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हळुवार आत जाऊ द्या, जणू लघवीची धार मध्येच थांबवायची आहे. जोर पूर्ण ताकदीच्या पाव भागाएवढाच हवा. पोट दगडासारखे आवळून श्वास कोंडणारा माणूस आतल्या स्नायूऐवजी बाहेरचे मोठे स्नायू वापरत असतो, आणि या दुखण्यात गोंधळ तिथेच होतो.

त्यानंतर कंबरेची मधली स्थिती शोधायची. ओटीपोट किंचित पुढे-मागे डोलवून पाहा. एका टोकाला कंबर जमिनीला टेकते, दुसऱ्या टोकाला तिच्याखाली मोठी पोकळी होते. या दोहोंच्या मध्ये, बोटे सरकतील एवढी पोकळी राहून कंबरेला सर्वांत सुखाचे वाटते, ती तुमची मधली स्थिती. ती न हलवता, श्वास सोडत एक टाच जमिनीवरून पुढे सरकवायची आणि श्वास घेत परत आणायची. हे दोन्ही पायांनी आठ-दहा वेळा विनासायास जमले की एक पाऊल वीतभर उचलायचे. तेही जमले की दोन्ही पावले रोवून बैठक उचलण्याचा सेतू आणि मग हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे. प्रत्येक पायरीला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. उतावीळ होऊन पायरी गाळलेली मला अजिबात मान्य नाही.

वेळेचेही भान ठेवा. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकल्यास त्यांच्यावर अधिक ताण येतो. म्हणून व्यायाम उठल्यावर तासाभराने करा. रात्रपाळी असेल, तर दुपारी झोपून उठल्यावर तासाभराने. व्यायाम करताना कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेकडे मागे येत गेली, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी ते सुचिन्ह समजा. कळ उलट दिशेने, खाली पावलाकडे जाऊ लागली, तर तो व्यायाम त्याच क्षणी थांबवा आणि शिकवणाऱ्याला कळवा.

भाचीलाही एक गोष्ट सांगा. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने पिलाटेसविषयीच्या १० चाचण्यांचा, म्हणजे एकंदर ५१० रुग्णांचा, आढावा घेतला. फारसे काही न करण्यापेक्षा पिलाटेसने वेदना आणि अडचण कमी होते, असे त्यात दिसले. मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय ते रुग्ण सर्वसाधारण कंबरदुखीचे होते, त्यामुळे नस दबलेल्या तुमच्यासारख्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही मी पिलाटेस सुचवते, कारण सावकाश, मोजून-मापून आणि श्वासाशी बांधून हालचाल करण्याची त्याची शिस्त घाबरलेल्या रुग्णाला धीर देते. त्याच्या जोडीला रोज सपाट जागेवर चालणे हवेच. तुम्हाला कंबर तलावाकाठी पहाटे चालता येत असेल, तर दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा.

मागावर परतताना शक्य असल्यास पहिले दोन आठवडे अर्धी पाळी मागून घ्या. एका जागी उभे राहताना एक पाय विटेवर ठेवून तो आलटून-पालटून बदला. तुटलेला धागा सांधायला वाकताना कंबरेतून वाकू नका; बैठक मागे नेत खुब्यातून वाका. भरलेला बीम मात्र एकट्याने यापुढे कधीच उचलायचा नाही. तो दोघांनी धरावा किंवा गाड्यावरून न्यावा, हे मालकाला स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. वाटल्यास हा अंक त्यांना दाखवा.

प्रश्न : आम्ही विडी घरकुलमध्ये राहतो. माझी आई ५१ वर्षांची असून पंचवीस वर्षांपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. दोन वर्षांपासून तिची कंबर दुखते. एमआरआयमध्ये ‘मणक्यात गॅप’ निघाला, पण नस दबलेली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या शब्दाने ती खचली आहे. मी मोबाइलवर पाहून तिच्याकडून पिलाटेस करून घेते, पण पोटाच्या व्यायामानंतर तिला जास्त दुखते. चूक कुठे होते आहे?

उत्तर : ताई, अक्कांना पहिल्यांदा हे वाचून दाखवा. काहीच दुखत नसलेल्या हजारो माणसांच्या मणक्यांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्के, पन्नाशीतल्यांपैकी ८० टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. यांपैकी कोणालाही कंबरदुखी नव्हती. ‘गॅप’ म्हणजे बहुधा ही झीजच असते, आणि केसांच्या पांढरेपणासारखी ती वयाबरोबर येते. अक्कांची कंबर दुखते हे खरे आहे, त्यात शंका नाही. पण मणके मोडकळीस आले आहेत ही भीती त्यांच्या मनातून काढणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

चूक व्यायामाच्या निवडीत आहे. मोबाइलवरच्या बहुतेक वर्गांत सुरुवातीलाच डोके-खांदे उचलून, दोन्ही पाय हवेत धरून हात शंभर वेळा खालीवर हलवण्याचा व्यायाम असतो. त्यानंतर झोपलेल्या अवस्थेतून एकेक मणका उचलत बसणे, गुडघे छातीशी धरून चेंडूसारखे लोळणे आणि बैठकीवर तोल सांभाळत हातपाय उचलणे येते. या सगळ्यांत कंबर पुढे गोल होते. अक्का दिवसातले सात-आठ तास आधीच कंबर गोल करून बसतात. जी हालचाल जास्त होऊन दुखणे जडले, तीच हालचाल व्यायाम म्हणून पुन्हा वाढवली, तर दुखणे बळावणारच. हे चार व्यायाम बंद करा. पहिल्या उत्तरातला श्वास, टाच सरकवणे आणि सेतू हे चालतील. त्यांत कुशीवर निजून, टाचा जुळत्या ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडण्याचा व्यायाम घाला, आणि पालथे निजून कोपरांवर छाती उचलून काही श्वास थांबण्याचाही. पालथे झाल्यावर पायात कळ किंवा मुंग्या आल्या, तर ते थांबवून तपासणी करून घ्या; काही जणांना मागे वाकणे मानवत नाही.

मात्र वीस मिनिटांचा व्यायाम आठ तासांच्या बसण्याशी झगडू शकत नाही, म्हणून बसणेच बदलावे लागेल. हजार विड्यांचा हिशेब पूर्ण करायचा असतो, उठले की वेळ जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही घडी घातलेली चादर किंवा चार बोटे उंचीचा पाट बैठकीखाली घेतला की गुडघे खुब्यांपेक्षा खाली येतात आणि कंबर आपोआप सरळ होते. भिंतीला पाठ लावून, कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. सूप मांडीऐवजी समोर ठेवलेल्या चौरंगावर आले, तर मान आणि कंबर दोन्हींचा भार हलका होतो. विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की उभे राहून, कंबरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे वाकावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. पहिल्या आठवड्यात काम थोडे मागे पडेल. पुढे दुखण्यामुळे वारंवार थांबावे लागत नाही, म्हणून ते भरून निघते, असे माझ्याकडे येणाऱ्या अनेक विडी कामगार भगिनींनी मला सांगितले आहे.

प्रश्न : मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी दुचाकीवर मागे बसले असताना गतिरोधकावर जोरात आदळले आणि कंबरेचा पहिला मणका दबून मोडला. हाडांची घनता कमी असल्याचेही तेव्हाच कळले. आता पट्टा निघाला आहे आणि डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली आहे. मैत्रिणी होटगी रस्त्यावरच्या एका पिलाटेस वर्गाला जातात. मी जाऊ का?

उत्तर : बाई, जा, पण शिकवणाऱ्याला एकांतात गाठून सांगा की माझा मणका ठिसूळपणामुळे मोडलेला आहे आणि मी पुढे वाकण्याचा एकही व्यायाम करणार नाही. हे ऐकून त्याने किंवा तिने तुमच्यासाठी वेगळे व्यायाम सांगितले नाहीत, तर तो वर्ग तुमच्यासाठी नाही.

मी इतके आग्रहाने सांगते, त्याला आधार आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा पाठपुरावा केला होता. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांचे आणखी मणके दबले; पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के निघाले. अभ्यास लहान होता, पण त्यातला फरक इतका ठळक आहे की तेव्हापासून अशा रुग्णांना पोटाच्या बैठका आणि पायाची बोटे धरण्याचे व्यायाम दिले जात नाहीत. मणक्याचा पुढचा भाग पाचरीसारखा दबलेला असतो, आणि पुढे वाकल्यावर भार नेमका त्याच भागावर येतो.

तुमच्यासाठी पालथे निजून, कपाळाखाली टॉवेलची घडी ठेवून, छाती बोटभर उचलणे आणि खांद्याची पाती मागे खाली ओढणे हा मुख्य व्यायाम आहे. पोटाखाली पातळ उशी घेतली, तर कंबरेला आराम पडेल. भिंतीला पाठ लावून उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि ओट्याला हात लावून एका पायावर तोल सांभाळणे हेही रोज करा, कारण पुन्हा न पडणे हाच नवा अस्थिभंग टाळण्याचा मोठा उपाय आहे. पाठ पिळली जाईल असे जोराचे वळसे टाळा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा आणि मग हाताने रेटा देत उठा. डॉक्टरांनी दिलेली हाडांची औषधे आणि ‘ड’ जीवनसत्त्व व्यायाम सुरू झाला म्हणून थांबवू नका. आणि दुचाकीवर मागे बसणे तूर्त नकोच.

प्रश्न : मी वर्षानुवर्षे योगासने करतो. कंबर दुखावल्यावर योगासने सोडून पिलाटेस धरावे का? आणि कंबरेचा पट्टा किती दिवस बांधावा? (वय ४७, मुरारजी पेठ)

उत्तर : योगासने सोडण्याची गरज नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि उभ्याने पुढे वाकण्याची आसने काही महिने वगळा, सूर्यनमस्कार तूर्त थांबवा आणि पिलाटेसमधला हातपाय हलत असताना कंबर स्थिर ठेवण्याचा भाग त्यात मिसळा. भुजंगासन, शलभासन आणि पिलाटेसचे पालथे निजून करायचे व्यायाम यांत इतके साम्य आहे की तुम्हाला ते परके वाटणार नाहीत. पट्टा साध्या दुखापतीत काही दिवस, प्रवासाला किंवा नाइलाजाच्या कामाला बांधावा आणि व्यायाम करताना काढावा. मणका मोडला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुदत शल्यचिकित्सकच ठरवतील.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. व्यायामशाळेत वजने उचलताना आणि वेगवान गोलंदाजी करताना कंबर दुखू लागली. तपासणीत पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीला ताणामुळे तडा गेल्याचे निघाले. अडीच महिने विश्रांती घेतली, आता दुखत नाही. डॉक्टरांनी पिलाटेससारखे व्यायाम सुरू करायला सांगितले आहे. आमच्या घराण्यात सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, धरण्याची परंपरा आहे. काठी तोलताना कंबर मागे झुकतेच. संक्रांतीला दोन महिने उरले आहेत आणि सराव सुरू होईल. मी काठी धरू का?

उत्तर : बाराबंदी घालून काठी खांद्याशी घेण्याचा मान किती मोलाचा असतो, हे सोलापुरात वाढलेल्या मला सांगावे लागत नाही. म्हणूनच तुमच्या प्रश्नाला मी वरवरचे उत्तर देणार नाही. या वर्षी काठी धरू नका, असे माझे मत आहे.

वर दादांची चकती दुखावली होती, तुमचे हाड दुखावले आहे, आणि दोन्हींची पथ्ये उलट आहेत. मणक्याच्या मागच्या कमानीवर सर्वाधिक ताण येतो तो कंबर मागे झुकवून पिळल्यावर. वेगवान गोलंदाजीत नेमके तेच होते, आणि उंच काठीचा तोल सावरतानाही तेच होणार. अशा तड्यातून बाहेर येऊन खेळात परतायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. दुखणे थांबणे ही त्या वाटेवरची अर्धी मजल असते. तडा सांधला आहे का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. न सांधलेल्या तड्यावर भार पडत राहिला, तर काही जणांत मणका पुढे सरकतो.

तुमच्या पिलाटेसमधून पालथे निजून छाती किंवा पाय उंच उचलण्याचे व्यायाम तूर्त पूर्णपणे वगळा. उताणे निजून, गुडघे आणि खुबे काटकोनात हवेत धरून, एक हात आणि विरुद्ध पाय लांबवण्याचा व्यायाम करा. कंबरेखालची पोकळी वाढू लागली की तिथेच थांबा. कुशीवरून कोपरावर अंग उचलून धरणे, सेतू आणि मांडीच्या मागच्या व पुढच्या स्नायूंचे ताणही घ्या, कारण हे स्नायू आखडलेले असले की खुब्याची हालचाल कंबरेतून चोरली जाते. सहा-आठ आठवड्यांनी हे सारे न दुखता जमले, तर उभ्याने तोलाचे व्यायाम सुरू करायचे. त्यानंतर हातात हलका बांबू धरून, बरगड्या खाली ठेवत, कंबर न झुकवता चालण्याचा सराव घ्यायचा आणि त्याचे वजन महिन्या-महिन्याने वाढवायचे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हा उतारा वाचायला द्या. पुढे अनेक वर्षे काठी पेलायची असेल, तर एक वर्ष थांबणे त्यांनाही पटेल असे वाटते. अडुसष्ट लिंगांच्या मिरवणुकीत सात नंदीध्वजांबरोबर चालायला तुम्हाला माझी मनाई नाही. दिवसभर अनवाणी चालणे होते, म्हणून आतापासूनच रोज चालण्याचे अंतर वाढवा, मध्ये टेकायला मिळेल तिथे टेका आणि कोणी दमला म्हणून ‘जरा धर’ असे म्हणाला, तरी हात पुढे करू नका. यात्रा झाल्यावर फेब्रुवारीत डॉक्टरांची पुन्हा भेट घ्या आणि तेव्हा कंबर कशी आहे ते मला जरूर कळवा.